म्हैस खाईना, बोका सोडीना

विज्ञानाच्या मास्तरानं घरात मांजर पाळू नये. भाषेच्या मास्तराला चालतं. त्याच्या मांजरानं काही भलतंसलतं केलं तर त्याला अलंकार म्हणून वेळ मारून नेता येते. विज्ञानवाल्याची तशी सोय नाही. त्याच्या मांजरानं पुस्तकाबाहेर एक पाऊल टाकलं, की दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग जाब विचारायला तयार.

मी सहावीच्या फळ्यावर तीन रकाने आखले होते. शाकाहारी, मांसाहारी, मिश्राहारी. गाय, शेळी, ससा पहिल्यात. वाघ, सिंह, मांजर दुसऱ्यात. माणूस, कावळा, अस्वल तिसऱ्यात. इतकं लिहायला मला पुस्तक उघडावं लागत नाही. खडू झटकून मागं वळलो तर तिसऱ्या बाकावरून एक हात वर. पोरगं आमच्याच गल्लीतलं.

"सर, मांजर चुकीच्या रकान्यात लिव्हलंय."

"काहून रे?"

"तुमचा हळद्या गवत खायलाय की. काल मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. शेळीवानी चावून चावून खायला होता."

वर्ग खदखदून हसला. मी करड्या आवाजात म्हणालो, "खाली बस." गॅलिलिओलाही कुणीतरी बहुधा याच आवाजात खाली बसवलं असेल.

हळद्या म्हणजे आमचा बोका. अंगानं पिवळाधमक. हिंगोलीत पिवळ्या जनावराला दुसरं नाव सुचायचं म्हणजे कठीणच. इथं संत नामदेव मार्केट यार्डात हळदीची आवक सुरू झाली, की हमालांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या होतात. शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या हळद्याला कसलंही मानांकन नाही. एका पावसाळ्यात तो मोंढ्याकडून भिजत आला आणि आईच्या बाजेखाली शिरला तो कायमचा. उंदीर धरतो, पाली धरतो, शेजारच्यांची सुकट पळवतो. त्याच्या मांसाहाराबद्दल गल्लीत कुणाचं दुमत नव्हतं.

शाळेतून आलो तसा पाळतीवर बसलो. ओसरीला टेकून, हातात पेपर, नजर अंगणात. पाऊस होऊन गेलेला, हरळी वीतभर वाढलेली. हळद्या आला. त्यानं दोनचार पाती हुंगून नापास केली आणि एक कोवळं, रुंद पातं निवडलं. मान तिरकी केली, पातं ओठाच्या कोपऱ्यातून मागच्या दाढांपर्यंत नेलं आणि डोळे किलकिले करून कचकच तोडलं. हे पाहून मला थोडा धीर आला, कारण पोराचं निरीक्षण चुकलं होतं. शेळी जबडा आडवा फिरवून दळते. मांजराचा जबडा आडवा फिरतच नाही, तो नुसता वरखाली होतो. त्याच्या दाढा कात्रीच्या, जात्याच्या नव्हेत. तेव्हा 'चावून चावून' हे साफ खोटं, पातं तसंच अख्खं पोटात जात होतं. उद्या वर्गात हा मुद्दा ठणकावून सांगायचा, असं मी ठरवलं. मूळ प्रश्नाला त्यानं काही उत्तर मिळत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

त्या रात्री मी घटक चाचणीचे पेपर तपासत होतो. हळद्या टेबलावर आला, दबून बसला आणि त्याचं पोट भात्यासारखं चालू लागलं. हुक, हुक, हुक, असा आवाज आतून कुठून तरी वर यायला लागला. मी त्याला उचलायला गेलो, तर तो मागं सरकत सरकत नेमका तपासलेल्या गठ्ठ्यावर गेला आणि तिथं त्यानं आपली उत्तरपत्रिका सादर केली. पांढरा फेस आणि त्यात हरळीची पाती, जशी गेली तशीच हिरवीगार. ज्या पोराचा पेपर वर होता त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले. पेपर परत मिळाला नाही तर गुणांवरून तरी त्याची तक्रार नसावी.

सकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली आणि निदानांची रांग लागली. समोरचे काका म्हणाले, पोटात आग पडली असंल. मेडिकलवाल्यानं जंतांचा संशय घेतला. बायको म्हणाली, "तुमच्या वाटणीची भाजी तुम्ही खात नाही, ती त्याला तरी खाऊ द्या." आईचं निदान सगळ्यांत ठाम होतं. "अंग चाटून चाटून केस गेलेत पोटात. वाटीभर कोमट तूप चाटव, घसरून बाहेर येतील."

मांजराला तूप चाटवणं हे वाक्य म्हणायला सोपं आहे. हळद्या एरवी तुपाच्या बरणीचं झाकण नाकानं ढकलतो, पण कुणी औषध म्हणून पुढं केलं की त्याला लगेच वास येतो. तो अंगणातून गल्लीत, गल्लीतून हौदावर, हौदावरून पत्र्यावर. मागं मी, बनियनवर, हातात तुपाची वाटी. काका दारात दात घासत होते. म्हणाले, "काय सर, नर्सीला निघालाव का?"

नर्सी इथून जवळच, नामदेव महाराजांचं जन्मगाव. कोरडी पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. फरक एवढाच, की त्यांना कुत्र्यात देव दिसला होता. मला बोक्यात फक्त पुढच्या आठवड्याची शालेय तपासणी दिसत होती आणि तिसऱ्या बाकावरचा तो हात.

शेवटी मी त्याला बाजाराच्या पिशवीत घातला, वरून गाठ मारली, डोकं तेवढं बाहेर ठेवलं आणि स्कूटीला अडकवून जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं काय असतं ते मी पूर्वी पाहिलं नव्हतं. म्हशी, बैल, दोन शेळ्या, एक गोऱ्हा. मधोमध खोडा, खोड्यात एक म्हैस आणि तिच्या मागं खांद्यापर्यंत हातमोजा चढवलेल्या डॉक्टर मॅडम. त्यांचा हात म्हशीच्या आत कोपराच्याही पुढं गेलेला होता. हळद्यानं ते दृश्य पाहिलं आणि डोकं पिशवीत ओढून घेतलं. त्याची समजूत काढण्याइतका धीर माझ्यातही उरला नव्हता.

रांगेत माझ्यापुढं धोतर-टोपीतला एक शेतकरी, सेनगावकडचा. बोलायला सुरुवात करावी म्हणून मी विचारलं, "म्हशीला काय झालंय?"

"गवताला तोंड लावीना, सर. वैरण टाकली की नुसती बघायलीय. तुमचं काय?"

मी पिशवी जरा मागं घेतली. "बोका आहे."

"त्याला काय झालंय?"

"तो... गवत खातोय."

माणूस क्षणभर माझ्याकडं पाहत राहिला. "खायलाय?"

"हो."

"अन् म्हणून दवाखान्यात आणलाव?"

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली आणि मागं वळून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, "ऐका हो. माझी म्हैस गवत खाईना म्हणून मी आलो, अन् ह्या सरांचं मांजर गवत खायलंय म्हणून हे आलेत." रांग हसली. शेळीवाल्या मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. गोऱ्ह्यानंही त्याच वेळी हंबरून घेतलं. मग तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "असं करू, सर. तुमचा बोका माझ्या गोठ्यात बांधा अन् म्हैस तुमच्या घरी न्या. दोघांचंबी भागंल."

माझा नंबर आला तेव्हा मॅडमनी हातमोजा उतरवला होता, त्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. त्यांनी हळद्याच्या हिरड्या पाहिल्या, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, पोट चाचपलं. जेवतो का? जेवतो. खेळतो का? काल रात्री माझ्या पायाच्या अंगठ्याशी खेळला. किती वेळा ओकला? एकदाच. रक्त? नाही.

"मग काही झालेलं नाही, सर. मांजरं गवत खातात."

"पण ती मांसाहारी आहेत," मी म्हणालो. माझ्या आवाजात थोडी तक्रार असावी.

"आहेतच. गवतानं त्यांचं पोट भरत नाही, त्यांना ते पचतही नाही. तरी खातात. खाऊ द्या."

वारंवार ओकायला लागला, जेवण सोडलं, शी करताना कुंथायला लागला, किंवा गवत खाल्ल्यावर सारखा शिंकायला, घशात अडकल्यासारखं करायला लागला तर घेऊन या, असं त्या म्हणाल्या. एखादं पातं टाळूच्या मागं नाकाच्या वाटेत अडकतं, ते काढावं लागतं. जंतांची गोळी वजनावर ठरवून त्यांनी स्वतःच दिली आणि बजावलं, की घरातली माणसांची गोळी मात्र कधी देऊ नका. तापाची पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, त्याच्या यकृताला ती पेलत नाही. हळद्याचं नाक गरम लागलं म्हणून अर्धी गोळी आदल्या रात्री मी काढून ठेवलेली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. खिशातल्या खिशात तिचा चुरा केला.

घरी आल्यावर अभ्यास केला. सगळा गाव हसून झाल्यावर अभ्यास करायची माझी जुनी पद्धत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक विभागातले बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न धरून मांजर पाळणाऱ्या हजाराहून जास्त लोकांना प्रश्नावली पाठवली होती. अट अशी, की त्या माणसाची दिवसातले निदान तीन तास मांजरावर नजर पाहिजे. (आमच्या घरात आई एकटी पात्र ठरली असती.) निष्कर्ष त्यांनी २०१९ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेनच्या परिषदेत मांडले. ७१ टक्के मांजरं निदान सहा वेळा गवत-पाला खाताना सापडली होती. ज्यांना कधीच कुणी खाताना पाहिलं नाही अशी फक्त ११ टक्के. खाण्याआधी ९१ टक्के मांजरं ठणठणीत दिसत होती, म्हणजे काकांची 'पोटातली आग' गेली. खाल्ल्यावर नेहमी ओकणारी साधारण चौथा हिस्सा, म्हणजे ओकण्यासाठी म्हणून खातात हेही गेलं. लांब केसांची आणि आखूड केसांची मांजरं सारखीच खात होती. केसांचा गोळा काढण्यासाठी खात असती तर लांब केसवाल्यांनी जास्त खायला हवं होतं. आईचा तुपाचा सिद्धांत इथं कोसळला. मी तो आईपुढं कोसळू दिला नाही. प्रत्येक संशोधनाला योग्य श्रोता लागतो.

उरला मेडिकलवाला. आश्चर्य म्हणजे त्याचं बोलणं सगळ्यांत जवळचं निघालं, फक्त काही लाख वर्षं उशिरा. रानातले चिंपांझी काही खरखरीत पानं न चावता गिळतात आणि विष्ठेतून ती पानं अख्खीच्या अख्खी, जंतांना घेऊन बाहेर पडतात. हार्ट यांचं म्हणणं असं, की मांजरांच्या रानटी पूर्वजांच्या आतड्यांत जंत कायमचेच असायचे. पाल्यानं आतडी जोरात हलायची आणि जंत बाहेर ढकलले जायचे. आता घरातल्या मांजरांना जंत असोत नसोत, सवय रक्तात राहिली आहे. हळद्या त्या अंगणात कसल्याही आजाराशी लढत नव्हता. खापरपणजोबांनी लावलेली शिस्त तो पाळत होता. माझ्या वर्गात तेवढी कुणी पाळत नाही.

आता जे सांगायचं ते जरा दबक्या आवाजात. दवाखान्यात निघताना मॅडमनी शेवटी विचारलं होतं, "अंगणात फवारणी करत नाही ना?" मी मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, ते त्यांना कळलं नसावं, अशी मी व्यवस्था केली होती. कारण घरी ओसरीत काकांचा पाठीवरचा पंप येऊन पडला होता आणि त्याच्या शेजारी सोयाबीनच्या फवारणीतून उरलेल्या तणनाशकाची बाटली. मांजर गवत खातंय, तर गवतच नको, असा माझा शास्त्रीय तोडगा होता. संध्याकाळी पावसाची सर आली म्हणून तो राहिला. फवारलेलं गवत बोक्यानं न खाल्लं तरी त्यातून चालला असता, पंजे चाटले असते आणि सगळं पोटात. मांजर जमिनीवरचं सगळं शेवटी जिभेवर आणतं.

मग मी मॅडमनी सांगितलेली विषारी झाडांची यादी घेऊन घरभर हिंडलो. फाटकाशी कण्हेर, थेट हृदयावर जाणारी. खिडकीत बायकोचा बाटलीतला मनी प्लांट, ज्याच्या पानात सुयांसारखे स्फटिक असतात आणि चावला की तोंडाची आग होते. गच्चीवर आईची कोरफड. पुढं शिक्षकदिनाला शाळेत पुष्पगुच्छ मिळाला, त्यात मधोमध एक रुबाबदार गुलाबी लिली. सगळ्यांत जहाल तीच. लिलीचं पान, फूल, इतकंच काय अंगावर सांडलेला पराग चाटला तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. तो गुच्छ मी घरी न आणता मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून आलो. त्यांना माझी ही निरिच्छ वृत्ती फार आवडली. विषारी वनस्पतींचं प्रदर्शन माझ्या घरात भरलेलं होतं आणि मी भांडत होतो कुणाशी, तर हरळीशी.

पंप परत गेला. खुरपं घेऊन मी अंगणातलं फक्त काटेरी तेवढं काढायला बसलो. त्यात भिंतीच्या कडेची खोकली उपटली. सोयाबीनच्या धुऱ्यावर उगवते ती साधी तणकट वनस्पती. तिचं मूळ उघडं पडलं आणि हळद्या कुठून तरी धावत आला. मूळ हुंगलं, चाटलं, त्यावर गाल घासला, मग चारी पाय वर करून लोळायला लागला. डोळे फिरलेले, तोंडातून लाळ. काका कुंपणावरून म्हणाले, "सर, ह्याला पाजली का काय?" खोकलीच्या मुळाचा मांजरांवर असा अंमल चढतो आणि थोड्या वेळानं आपोआप उतरतो, हे मला नंतर वाचून समजलं. त्या वेळी मी खुरपं टाकून स्कूटीची किल्ली शोधत होतो. बायकोनं किल्ली दिली नाही. "म्हशीवाले तिथंच बसलेले असतील," एवढंच म्हणाली.

गणपतीत त्यानं दुर्वांची जुडी पळवली. उंदराच्या मालकाच्या पुढ्यातून बोक्यानं काही उचलणं म्हणजे जुनं वैर काढणंच. पण मोदकाला त्यानं शिवलंही नाही. अनंत चतुर्दशीला चिंतामणीच्या नवसाच्या मोदकासाठी हिंगोलीत लाखो माणसं रांगेत उभी राहतात, हळद्याला त्याचं काय? मांजराला गोड लागतच नाही. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहीचं एक जनुक मांजरकुळात पार बिघडलेलं आहे, हे २००५ मध्येच उजेडात आलंय. बिचारा.

मग नवरात्र आलं. मेहुण्याच्या शेतातून काळी माती आणली, पत्रावळीवर पसरली, मधोमध घट, भोवती गहू-ज्वारी पेरली, अखंड दिवा लागला. देवघराच्या अंधारात धान पिवळसर, लुसलुशीत वाढू लागलं. त्याच सुमारास मी बायकोला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं, की परदेशात मांजरांसाठी मुद्दाम कुंडीत गहू, ओट, जव पेरून ती कोवळी रोपं दुकानात विकतात. ती म्हणाली, "लोकांना उद्योग नाही." त्या वेळी दाराशी बसलेल्या हळद्यानं कान टवकारल्याचं मला आठवतंय. आठव्या माळेच्या रात्री दिव्याच्या राखणीला मी होतो. राखण म्हणजे सतरंजी, उशी आणि मी. जाग आली तेव्हा घटाची उजवी बाजू जमिनीलगत भादरलेली होती. शेजारी हळद्या पंजे पोटाखाली घेऊन, डोळे मिटून बसलेला. मिशीला मातीचा कण.

बायकोचा आवाज मी इथं उतरवत नाही. गडबडीत मी मेहुण्याकडून आलेली रब्बीच्या बियाण्याची पिशवी काढली, म्हटलं बोक्याला वेगळं पेरून देऊ, देवीचं वाचेल. बायकोनं पिशवी ओढून घेतली. "रंग दिसत नाही का तुम्हाला? औषध लावलंय त्याला." खरंच गहू गुलाबी होता, बुरशीनाशक चोळलेला. शेवटी डब्यातला पोळ्यांचा गहू भिजवून जुन्या तगारीत टाकला. त्या रोपांवर आता त्याचा हक्क आहे. तो ती हुंगतो आणि अंगणात जाऊन हरळी खातो.

देवीच्या कोपाचा प्रश्न आईनं सोडवला. "देवी कशावर बसती? वाघावर. मांजर वाघाची मावशी. मावशीनं दोन घास खाल्ले तर देवी कशाला रागावंल?"

"आई, हा बोका आहे. मावशी कसा होईल?"

"मग मामा म्हण. मामाला भाच्याच्या घरी जेवायची बंदी हाय का?"

दसऱ्याला धान टोपीत खोवताना घरच्यांनी चांगले तुरे घेतले आणि भादरलेली बाजू माझ्या वाट्याला आली. तशाच टोपीनं मी रामलीला मैदानावर गेलो. हिंगोलीचा दसरा दीडशेहून जास्त वर्षांचा, रावण पाहायला माणसांचा पूर लोटलेला. त्या पुरात नेमका तो भेटला, सेनगाववाला. मीच आधी विचारलं, म्हैस कशी आहे?

"खायलीय आता झकास. बोका?"

"तोही."

त्यानं मला सोनं दिलं, मग माझ्या टोपीकडं पाहिलं. "हे काय, सर? वरून हार्वेस्टर फिरवलाव का?"

मी काय सांगणार? त्याला सांगायची गरजही पडली नाही. त्याचा चेहरा हळूहळू फुलत गेला. त्यानं आपल्या टोपीतलं हातभर धान उपसलं, त्यातलं अर्धं माझ्या टोपीत खोवलं आणि म्हणाला, "हे बोक्याला द्या. पण आधी देवीपुढं ठेवा. अन् दाराला कडी लावा."